चार घासांतच पोट का भरते?

इफ्तारच्या दस्तरखानवर घरातले एखादे माणूस दोन खजूर, अर्धा समोसा खाते आणि "बस्स, पोट भरलं" म्हणून मागे सरकते. मग सगळ्यांचा आग्रह सुरू होतो. कुणी नखरे म्हणतो, कुणी ॲसिडिटीची गोळी पुढे करतो. आम्हाला वाटते, ही तक्रार इतकी सहज उडवून लावण्यासारखी नाही.

रिकाम्या जठरात जेमतेम 50 ते 100 मिलिलिटर जागा असते. जेवताना तेच जठर लिटरभर, कधी त्याहून जास्त अन्न पोटात घेते, तरी आतला दाब फारसा वाढत नाही. कारण जठराचा वरचा भाग फुग्यासारखा ताणला जात नाही, तो स्वतःहून सैल पडतो. तेही घास गिळताक्षणी, अन्न खाली पोहोचायच्या आधीच! अमेरिकेचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1911 मध्येच याचे वर्णन केले होते.

हा निरोप मेंदूच्या तळातून निघणारी व्हेगस नावाची नस आणते. पण ती स्नायूला थेट हात लावत नाही. जठराच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतःचे जाळे आहे. त्यातल्या काही पेशी ॲसिटिलकोलीन सोडून स्नायू आवळतात; दुसऱ्या काही पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू आणि व्हीआयपी नावाचे पेप्टाइड सोडून तो सैल करतात. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. यात 28 अमिनो आम्ले असतात. वायूचे काम झटपट आणि थोड्या वेळाचे, पेप्टाइडचे सावकाश पण टिकणारे. (या व्हीआयपीचा मंत्र्यांशी काही संबंध नाही. ईजिप्तमध्ये जन्मलेले डॉ. सामी सईद आणि स्वीडनचे व्हिक्टर मुट यांनी 1970 मध्ये ते आतड्यातून वेगळे काढले. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ते लांबलचक नाव पडले, त्याचे हे लघुरूप.)

आता मुद्दा शुगरचा. वर्षानुवर्षे शुगर वाढलेली राहिली की व्हेगस नस आणि नायट्रिक ऑक्साइड सोडणाऱ्या या पेशी, दोन्ही खराब होऊ शकतात. मग वरचा भाग सैल पडत नाही, चार घासांत पोट गच्च वाटते. काहींचे अन्न तासन् तास जठरातच पडून राहते. इन्सुलिन घेणाऱ्यांना यात खरा धोका आहे: सुई जेवणाच्या वेळी टोचली, अन्न मात्र आतड्यात उतरलेच नाही, तर आधी शुगर एकदम खाली येते आणि नंतर वर चढते. ॲसिडिटीची गोळी आम्ल कमी करते, स्नायू सैल करत नाही, हे इथे लक्षात ठेवावे. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनेही जठर मंद करतात. ती चालू असतील तर डॉक्टरांना सांगायलाच हवे.

अशा माणसाला आग्रह करू नका. थोडे थोडे, जास्त वेळा वाढा. तळलेले कमी करा, चरबीमुळे जठर आणखी सावकाश रिकामे होते. वजन घटत असेल, उलट्या थांबत नसतील, गिळायला त्रास होत असेल किंवा शौच काळी होत असेल तर रमजान संपायची वाट बघू नये. आणि इन्सुलिनवर असलेल्या अब्बा-अम्मींचा डोस रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.