दोन टाक्या, एक काटा

परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला जाताना मेळघाटचं जंगल आणि घाट दोन्ही लागतात. अशा वाटेवर फिरणाऱ्या जुन्या डिझेल जीपला दुसरी टाकी बसवावी, असं वाटणं साहजिक आहे. डॅशबोर्डवरचा काटा मात्र एकच असतो. त्याला दोन टाक्या जोडायच्या कशा?

आधी काटा कसा चालतो ते पाहू. टाकीतल्या टँक युनिटला दांडीवर एक फ्लोट असतो. डिझेलची पातळी बदलली की फ्लोट वरखाली होतो आणि युनिटचा विद्युत रोध बदलतो. एका प्रचलित प्रकारात टाकी रिकामी असताना हा रोध २४० ओहम, तर भरलेली असताना ३३ ओहम असतो. आपल्या गाडीचे आकडे मल्टिमीटरने मोजून घ्यावेत. दोन्ही युनिट एकाच मापाची आणि गेजला जुळणारी हवीत.

दोन्ही युनिटच्या वायरी एकत्र पिळून गेजला जोडणं सोपं वाटतं, पण ते धोक्याचं आहे. दोन्ही टाक्या कोरड्या असल्या तरी एकत्रित रोध १२० ओहम होतो आणि काटा जवळपास अर्ध्यावर थांबतो. एक भरलेली, एक रिकामी असेल तर रोध २९ ओहम, म्हणजे काटा ‘फुल’ दाखवणार. एकामागे एक जोडली तर उलटं होतं: त्याच स्थितीत २७३ ओहम येऊन, एक टाकी भरलेली असूनही काटा तळाला जातो.

म्हणून एका वेळी एकच टाकी काट्याला जोडायची. तीन टर्मिनलचा टू-वे स्विच घ्या. मधल्या टर्मिनलला गेजकडून येणारी वायर, बाजूच्या दोन टर्मिनलना दोन युनिटच्या वायरी. प्रत्येक युनिटपासून चेसीपर्यंत अर्थची वेगळी वायर ओढा. रबरावर बसवलेल्या टाकीला अर्थ मिळाला नाही, तर भरली टाकीही रिकामी दिसते. टाकीजवळ काम करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा.

काट्यासोबत इंधनाची वाटही बदलली पाहिजे. डिझेल इंजिन न वापरलेलं डिझेल रिटर्न लाइनने परत पाठवतं. ओढायचं दुसऱ्या टाकीतून आणि परत सोडायचं पहिलीत, असं झालं तर पहिली भरून वाहू लागेल. त्यासाठी पुरवठा आणि रिटर्न दोन्ही एकदम बदलणारा सहा तोंडांचा व्हॉल्व्ह लागतो. काही मोटर व्हॉल्व्हमध्ये टँक युनिट बदलणारे संपर्कही असतात. तसा व्हॉल्व्ह घेतला तर एकाच स्विचने सगळं बदलतं आणि इंजिन ज्या टाकीतून पितं, तीच काटा दाखवतो.

ही रीत जुन्या, साध्या गेजसाठी आहे. नव्या गाड्यांत इंधनाची पातळी संगणक मोजतो. तिथे अशी जोडणी करू नये. गाडी एमएच २७ असो वा एमएच ३०, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाहनातल्या फेरफारांवर बंधनं घालतं. टाकी बसवण्याआधी आरटीओत विचारा.

जोडणी झाल्यावर प्रत्येक टाकीत मोजून पाच-पाच लिटर टाकत काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवा. चढावर फ्लोट कलतो आणि काटा फसवतो, म्हणून घाट चढण्याआधी सपाटीवर गाडी उभी करून स्विच दोन्हीकडे फिरवा आणि दोन्ही टाक्यांचा हिशेब पाहूनच पुढे निघा.