खिडकी उघडताना अडखळते का?

संगणकावर एखादा प्रोग्रॅम सुरू केला, की कधीकधी खिडकी आधी कोरीच उमटते. मग बटणे एकेक करून येतात, मजकूर सरकतो आणि सारे स्थिरावते. तेवढ्या वेळात विद्यार्थी पुन्हापुन्हा क्लिक करतो, आणि प्रोग्रॅमच्या दोन-तीन प्रती उघडतात. हे का होते?

खिडकीची कामे सहसा एकच 'धागा' सांभाळतो. 'खिडकी रंगव', 'बटण दाबले गेले' असे निरोप रांगेत येतात व तो ते क्रमाने हाताळतो. याच धाग्याला फायली वाचायला बसवले, तर रांग तुंबते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला एका जागेवरून दुसरीकडे जाऊन वाचायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. विखुरलेल्या १०० फायली म्हटल्या, की १ सेकंद नुसत्या शोधण्यात जातो. उलट, साधा पडदा सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर १७ मिलिसेकंदांनी चित्र नव्याने दाखवतो. त्यामुळे प्रत्येक अर्धवट अवस्था आपल्या डोळ्यांना दिसते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, खिडकी लपवून ठेवून तिची मांडणी पूर्ण करावी व मगच दाखवावी. दुसरा, चित्र आधी स्मृतीत पूर्ण काढून मग एकदम पडद्यावर आणावे. फळ्यावर वर्गासमोर आकृती काढण्याऐवजी तयार तक्ता टांगावा, तसेच हे. तिसरा, जड काम वेगळ्या धाग्याकडे द्यावे. खिडकीला मात्र मूळ धाग्यानेच हात लावावा.

पहिल्या दोन उपायांनी एकूण वेळ वाचत नाही, फक्त गोंधळ झाकला जातो. याकोब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादांनुसार ०.१ सेकंदातला प्रतिसाद तत्काळ भासतो, तर १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. म्हणून तयारी लांबणार असेल, तर साधी खिडकी लगेच दाखवून उरलेले काम मागाहून करणे श्रेयस्कर.

करून पाहा : पायथनच्या टीकेइंटरमध्ये दोन बटणांची खिडकी बनवा. पहिले बटण दाबताच 'स्लीप' आज्ञेने ५ सेकंद थांबायला सांगा आणि त्या वेळात दुसरे बटण दाबा. मग 'स्लीप'ऐवजी 'आफ्टर' वापरा. दोन्ही वेळी प्रतीक्षा ५ सेकंदांचीच. मग फरक कशाने पडला, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.