संगणकीय खेळांतील पात्रांची भावाभिव्यक्ती : एक विचार

संगणकीय खेळातील पात्राला स्वतःची भावना नसते; तरीही खेळाडूस ती जाणवते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा दोन खेळांच्या आधारे विचार केला आहे.

विल राइट यांच्या 'द सिम्स' (२०००) या खेळात पात्राची मनःस्थिती भूक, ऊर्जा, स्वच्छता, सहवास इत्यादी आठ गरजांवरून ठरते. गरज अपूर्ण राहिली की पात्र हातवारे करून तक्रार करते. त्याची 'सिमलिश' बोली निरर्थक आहे. स्वर व देहबोली यांवरून खेळाडूच अर्थ लावतो.

मायकेल मेटिअस व अँड्र्यू स्टर्न यांच्या 'फसाड' (२००५) मध्ये खेळाडू ग्रेस व ट्रिप या दांपत्याकडे पाहुणा म्हणून जातो. त्याने टंकित केलेल्या इंग्रजी वाक्यांचे स्तुती, टीका, सहमती अशा प्रकारांत वर्गीकरण होऊन पात्रे सुखावतात वा दुखावतात. उद्धट पाहुण्यास ट्रिप घराबाहेर काढतो. मात्र वाक्याचा चुकीचा अर्थ लागताच भावनेचा आभास भंगतो.

नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर येथे अनुभाव यंत्राचे, आस्वाद मात्र खेळाडूचा असतो. म्हणूनच समजल्याचा दावा करणाऱ्या पात्रापेक्षा कल्पनेस वाव देणारे पात्र अधिक विश्वसनीय ठरते. भाषा-प्रारूपांद्वारे पात्रांना बोलते करण्याचे प्रयोग सुरू असताना हा भेद विसरता येणार नाही.