निवृत्तीनंतर धाराशिवला गावी परत जायचंय? आधी या ६ प्रश्नांची उत्तरं शोधा

धाराशिव जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत एखादं तरी घर असं असतं, ज्याला वर्षभर कुलूप असतं. दिवाळीला आणि जत्रेला तेवढं ते उघडतं. घरातली माणसं पुण्या-मुंबईत कामाला असतात. निवृत्ती जवळ आली की घरात विषय निघतो, "आता गावीच राहू." खर्च कमी, आपली माणसं जवळ. पण सामान हलवण्याआधी काही गोष्टी तपासायला हव्यात.

१. गावातलं घर नक्की कुणाच्या नावावर आहे?

सगळ्यात मोठी अडचण इथेच येते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे. त्यावर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. गावात स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झाली असेल, तर मालमत्ता पत्रक मिळतं का ते विचारावं.

वडील वारले असतील आणि सातबारावर अजून त्यांचंच नाव असेल, तर आधी वारस नोंद करावी लागते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्यामुळे भावाभावांत तोंडी वाटणी झाली असली, तरी बहिणींचा हिस्सा राहतोच. हे न मिटवता पीएफचे पैसे बांधकामात घातले, तर पुढे भांडण घरातच होतं.

२. पेन्शनचं काय?

१ जानेवारी २०२५ पासून ईपीएस पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून घेता येते. त्यासाठी पेन्शनचे कागद एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पाठवावे लागत नाहीत. हयातीचा दाखलाही मोबाईलवर चेहरा स्कॅन करून देता येतो. मात्र ईपीएसची किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. तेवढ्यावर गावातही भागत नाही.

३. आजारपणात जायचं कुठे?

धाराशिवमध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण मोठ्या आजारासाठी भूम-परंड्याचे लोक बार्शी गाठतात, कळंबचे लातूर किंवा अंबाजोगाई, तुळजापूर-उमरग्याचे सोलापूर. म्हणून जिल्ह्याचं ठिकाण किती लांब आहे, यापेक्षा रात्री दोन वाजता गाडी कोण काढेल, हा प्रश्न महत्त्वाचा.

७० वर्षं पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावर कुटुंबातल्या ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. पण ६० ते ७० या दहा वर्षांत आरोग्य विमा बंद पडू देऊ नये.

४. पाण्याची सोय आहे का?

धाराशिव दुष्काळी पट्ट्यातला जिल्हा आहे. दिवाळीत पाहिलेल्या गावावरून अंदाज बांधू नये. मे महिन्यात नळाला किती दिवसांनी पाणी येतं, टँकर लागतो का, हे शेजाऱ्यांना विचारावं. घर ओढ्याकाठी असेल तर उलट बाजूही बघावी. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात भूम-परंडा भागाला पुराचा मोठा फटका बसला होता.

५. पत्ता कुठे कुठे बदलायचा?

आधार, बँक आणि मतदार यादी. मतदार यादीत पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ भरावा लागतो. रेशनचं धान्य मिळत असेल, तर ते पुण्याच्या कार्डावर गावातल्या दुकानातूनही घेता येतं. जिल्ह्याचं नाव सप्टेंबर २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं, म्हणून 'उस्मानाबाद' लिहिलेली जुनी कागदपत्रं रद्द होत नाहीत.

६. शहरातला फ्लॅट विकायचा का?

लगेच नको. आधी भाड्यानं द्यावा आणि गावी एक वर्ष राहून बघावं. त्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा आलाच पाहिजे. मुलांकडे येणं-जाणं चालू राहतंच. एसटीत ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना आणि सगळ्या महिलांना निम्मं तिकीट आहे, तर ७५ च्या पुढे राज्यात प्रवास मोफत आहे.

वर्षभरानंतरही गावात मन रमलं, कागद सरळ निघाले आणि दवाखान्याची सोय लागली, तर फ्लॅटचा निर्णय तेव्हाही घेता येतो. एकदा विकलेलं शहरातलं घर मात्र पेन्शनच्या पैशात परत घेता येत नाही.