बाळाची झोप, घराला आराम

माता-पित्यांनो,

दिवसभर हुंदडणारं दोन वर्षांचं मूल रात्री झोपायला नको म्हणतं, रडतं. हा त्याचा दोष नव्हे. झोपेची वेळ रोज बदलली की मूल फार दमतं, आणि दमलेलं मूल अधिकच किरकिरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला, दुपारची झोप धरून, दिवसाला ११ ते १४ तास झोप हवी.

हे करून बघा :

१. संध्याकाळी सातला मऊ भात भरवा.
२. कोमट पाण्याने हातपाय धुवा.
३. दिवा मंद करा. टीव्ही, मोबाईल बंद.
४. थोपटत अंगाई म्हणा आणि साडेआठला निजवा.

रोज हाच क्रम ठेवा. आता झोपायचं, हे मुलाला आपोआप कळू लागतं.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले पुष्कळ वडील कामाला मुंबईत असतात. रात्री दहाला त्यांचा व्हिडिओ कॉल आला, की निजलेलं मूल उठवलं जातं. वडिलांनो, फोन मुलाच्या जेवणाआधी करा. उशीर झाला तर सकाळी बोला. घरी असाल तेव्हा मुलाला तुम्ही निजवा. आईलाही विश्रांती हवी!

ठरलेली वेळ, शांत झोप!