कायदा, बाराखडी आणि गोष्ट : मूल वाचायला शिकतं कसं?

तिसरीतल्या दोन मुलांना पुस्तक उघडून वाचायला सांगा. एक जण घडाघडा वाचतो, पण 'काय वाचलंस?' असं विचारलं की गप्प बसतो. दुसरा चित्र पाहून अंदाजाने बोलत सुटतो, बोट ठेवून दाखवलेला शब्द मात्र त्याला वाचता येत नाही. पहिल्याच्या घरी वाटते, आमचं पोर हुशार आहे. दुसऱ्याच्या घरी वाटते, शाळेत काही शिकवतच नाहीत. खरं तर दोघांचंही वाचन अर्धवटच आहे, फक्त राहिलेला अर्धा भाग वेगळा आहे.

हा प्रश्न मोठा आहे. 'असर'च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी केवळ 27.1 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पुढच्या इयत्तांची पुस्तके कुणासाठी थांबत नाहीत. गणिताचे उदाहरणसुद्धा आधी वाचावे लागते. म्हणून वर्गात वाचन कोणत्या पद्धतीने शिकवले जाते, हे आपण पालकांनीही समजून घेतले पाहिजे.

अक्षराकडून शब्दाकडे

पहिली पद्धत आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द, शेवटी वाक्य. मकतबमध्ये कायदा शिकवताना उस्ताद हिज्जे करून घेतात, बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु, तीही हीच वाट. इंग्लंडमध्ये हिलाच 'फोनिक्स' म्हणतात. तिथे 2012 पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांना 40 शब्द वाचायला देतात. त्यातले निम्मे मुद्दाम निरर्थक असतात. हेतू हा की मुलाने अंदाज करू नये, अक्षर पाहूनच वाचावे.

या पद्धतीचे बळ म्हणजे मूल अनोळखी शब्दालाही घाबरत नाही. पण दोन धोके आहेत. बाराखडी गाण्यासारखी पाठ होते, आणि मधलाच 'की' एकटा दाखवला तर ओळखू येत नाही. शिवाय कित्येक महिने नुसती अक्षरेच गिरवली तर वाचण्यासारखं हाती काहीच येत नाही. कायद्याचा हेतू तिलावत शुद्ध व्हावी हा असतो, अर्थ पुढे तर्जुम्यातून समजतो. शाळेच्या पुस्तकात मात्र अर्थासाठीच वाचायचे असते. 'वाचणे म्हणजे मोठ्याने उच्चारणे' ही सवय मुलाने तशीच वर्गात नेली, तर ते आपल्या पहिल्या मुलासारखे अडते.

अर्थाकडून अक्षराकडे

दुसरी पद्धत उलट दिशेने जाते. आधी गोष्टी, गाणी, चित्रांची पुस्तके. अक्षरे ओघात कळतील, असा तिचा विश्वास. अमेरिकेत केनेथ गुडमन यांनी 1967 मध्ये वाचन हा एक प्रकारे अंदाजाचा खेळ आहे, असे मांडले. 1987 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने आपला अभ्यासक्रम याच विचाराकडे वळवला, पण निकाल खराब आले तेव्हा काही वर्षांतच माघार घ्यावी लागली. या पद्धतीत मुलांना पुस्तकांची गोडी लागते, यात शंका नाही. पण ज्यांच्या घरी पुस्तके नाहीत, त्यांना अक्षरे 'ओघात' कळत नाहीत. ती शिकवावीच लागतात.

मग बरोबर कोण? 1986 मध्ये गॉफ आणि टनमर या संशोधकांनी सोपा हिशेब मांडला. अक्षरे उलगडण्याची ताकद आणि भाषा समजण्याची ताकद यांची बेरीज करायची नाही, गुणाकार करायचा. दोन्हींपैकी एक जरी शून्य असेल तर वाचनही शून्य.

प्रत्येक लिपीचा हिशेब वेगळा

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. उर्दू माध्यमातले मूल एकाच वेळी उर्दू, मराठी आणि इंग्रजी शिकते, आणि मकतबमध्ये अरबीही. या लिप्या सारख्या वागत नाहीत.

देवनागरी बरीचशी सरळ आहे. 'चहा' आणि 'चमचा' यांतला च वेगळा, 'कि'ची वेलांटी आधी लिहून नंतर बोलायची, आणि जोडाक्षरे. एवढं सोडलं तर जसं लिहिलं तसं वाचायचं. त्यामुळे अक्षरांवरची मेहनत इथे लवकर फळते. उर्दूत अक्षराचे रूप जागेप्रमाणे बदलते आणि जेर-जबर सहसा लिहिलेले नसतात. 'इस' आणि 'उस' एकसारखेच दिसतात, नेमका कोणता शब्द आहे ते वाक्यावरून ठरते. म्हणजे उर्दूत अर्थाशिवाय अक्षरही पुरते वाचता येत नाही. इंग्रजीत 'बट' आणि 'पुट' यांतले स्वराचे अक्षर एकच, उच्चार दोन. तिन्ही भाषांना एकच साचा लावला की मुलाचा गोंधळ होणारच.

वर्गात काय व्हावे?

अक्षरे नेमाने शिकवावीत, पण थोडी थोडी, आणि लगेच वापरायला द्यावीत. क, म, ल, र आणि काना एवढ्यावर 'काका', 'मला', 'माल' हे शब्द होतात, आणि 'कमाल, काम कर.' असं पूर्ण वाक्यही होतं. पहिल्या काही आठवड्यांतच मूल खरंखुरं वाक्य वाचतं, त्याचा आनंद वेगळाच असतो. त्यासोबत रोज एक गोष्ट शिक्षकांनी वाचून दाखवावी आणि तिच्यावर बोलावे. घरी दखनी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाला आधी त्याच्या बोलीत सांगू द्यावे.

लेखनाचेही तसेच. फळ्यावरून उतरवणे हे हाताचे वळण झाले, लेखन नव्हे. मुलाने 'आमि बाजारला गेलो' असे लिहिले तर लाल शाईआधी शाबासकी द्यावी. त्याला अक्षरातून आपली गोष्ट सांगता आली आहे. 'आम्ही' आणि 'बाजाराला' पुढे दुरुस्त होतील.

2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने 2026-27 पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. ते सगळे सरकारवर सोडून चालणार नाही. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तीही गोष्ट सांगू शकते, मुलाला प्रश्न विचारू शकते. गुणाकारातली भाषेची बाजू तिच्या हातात आहे.

तेव्हा आज रात्री मुलाला जवळ बसवा. न पाहिलेल्या पानावरच्या चार ओळी वाचायला सांगा, आणि मग विचारा, 'यात काय झालं, तुझ्या शब्दांत सांग.' कोणती बाजू कच्ची आहे ते लगेच कळेल. उद्या शाळेत गेल्यावर मार्कांबद्दल विचारण्याआधी त्याबद्दल विचारा.