कोसंबींच्या कीर्तीची मोजदाद

एखाद्या शास्त्रज्ञाची योग्यता त्याचे लेख इतरांनी किती वेळा उल्लेखिले यावरून ठरवावी, ही रीत आज विद्यापीठांच्या दफ्तरांत इतकी रुळली आहे की, ती फारशी जुनी नाही याचा विसर पडतो. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांनी ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची प्रसिद्ध केली ती १९६४ मध्ये. आणि ज्याचे वीस लेख प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेखिले गेले त्याचा अंक वीस, असा हिशेब मांडणारा ‘एच-निर्देशांक’ हॉर्हे हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने सुचविला तो २००५ साली. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात १९६६ साली निवर्तलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी या मापाखाली हयातीत कधी आलेच नाहीत. आज मात्र त्यांना त्याच तराजूत घातले, तर तराजूचेच गुणदोष अधिक उघडे पडतात.

त्यांच्या लेखांपैकी सर्वाधिक उल्लेखिला गेलेला लेख गणितातला नाही, इतिहासातलाही नाही. तो आनुवंशशास्त्रातला आहे, आणि त्याची पृष्ठे अवघी चार. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना त्यांनी तो लिहिला आणि ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकाच्या १९४४च्या खंडात तो छापला गेला. एका गुणसूत्रावरील दोन जनुकांची संततीत किती प्रमाणात फारकत होते, ते प्रयोगाने मोजता येते; परंतु दोन्ही जनुकांच्या दरम्यान गुणसूत्रांची अदलाबदल दोनदा झाली, तर ती मोजणाऱ्याच्या नजरेतून निसटते, आणि म्हणून मोजलेले प्रमाण हे खरे अंतर नव्हे. आनुवंशशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये सर्व अदलाबदली परस्परनिरपेक्ष धरून सूत्र दिले होते. वस्तुतः एक अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते, आणि अंतर वाढत जाते तसा हा अटकाव ओसरतो. कोसंबींनी तो सूत्रात गोवला. फारकत शेकडा २० आढळली, तर हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटीमॉर्गन (जनुकीय अंतराचे एकक) निघते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. भात, गहू, मका यांच्या जनुकीय नकाशांवर काम करणाऱ्या संशोधकाला आपण कोणते सूत्र वापरले हे सांगावेच लागते, आणि त्यामुळे हा उल्लेख पिढ्यानपिढ्या चालत राहतो. किंबहुना उल्लेख करणाऱ्यांपैकी किती जणांनी ती चार पृष्ठे उघडून पाहिली असतील, याविषयी मला रास्त शंका आहे.

आता याच्या उलट दाखला पाहा. १९४३ मध्ये ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’त त्यांनी यादृच्छिक फलांचे परस्परांशी असंबद्ध घटकांत पृथक्करण करण्याची रीत मांडली. पुढे फिनलंडचे कारुनेन आणि फ्रान्समधील लोएव्ह यांनी तीच स्वतंत्रपणे शोधली. प्रमेयाला नावे लागली ती त्या दोघांची, आणि प्रवाहांच्या खळबळीपासून चित्रांच्या संक्षेपापर्यंत जिथे जिथे ते उपयोगी पडले तिथे तिथे मान मिळाला तोही त्यांनाच. कोसंबींचा अग्रक्रम वाचकांसमोर पुन्हा मांडण्यासाठी रोद्दम नरसिंह यांच्यासारख्या विमानविद्येच्या पंडिताला लेखणी उचलावी लागली.

ज्या पथ-भूमितीवर त्यांनी सर्वाधिक आस्थेने श्रम केले, तिची दखल खुद्द फ्रेंच भूमितीकार एली कार्तां यांनी १९३३ मध्ये घेतली आणि सिद्धान्तात दोघांची नावे जोडली गेली. परंतु भूमितीकारांची जमातच लहान, त्यांच्या लेखांच्या अखेरच्या याद्या तोकड्या, आणि म्हणून आकडाही तोकडा. जीवशास्त्रातील शंभर उल्लेख आणि भूमितीतील शंभर उल्लेख एकाच रकान्यात मांडणे म्हणजे निरनिराळ्या मुलखांची नाणी वजन न पाहता एकत्र मोजण्यासारखे आहे; आणि नाण्यांच्या बाबतीत ही चूक कोसंबींनी तरी खचित केली नसती. तक्षशिलेची चांदीची आहत नाणी त्यांनी स्वतः तोलली आणि हातोहाती फिरताना नाणे किती झिजते याच्या संख्याशास्त्रावरून त्यांचा कालक्रम लावू पाहिला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती (१९४८) आणि भारतीय इतिहासावरचा १९५६चा ग्रंथ यांचे वाचक तर ग्रंथालयांत विखुरलेले. नियतकालिकांवर उभारलेल्या सूचीला त्यांचा पत्ता लागणे कठीणच.

सूचीला बऱ्यावाईटाची पारखही नसते. १९५९ साली एका कृषिसंख्याशास्त्रीय नियतकालिकात त्यांनी रीमान यांच्या सुप्रसिद्ध अनुमानाची सिद्धता दिल्याचा दावा केला. तो गणितज्ञांनी मान्य केला नाही, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांची प्रतिष्ठा त्याने ढासळली, आणि १९६२ मध्ये तेथील नेमणुकीची मुदत वाढवून मिळाली नाही. तथापि तो दावा खोडून काढणारा उल्लेखही त्यांच्या खात्यावर जमेलाच पडतो. यानंतरचे काही गणिती लेख त्यांनी ‘एस. ड्यूक्रे’ या टोपणनावाने छापले, आणि त्यांची बेरीज यंत्र अर्थातच ड्यूक्रे यांच्या नावे करते.